नाकांचा डबा

रीगा शहरात आमच्या घराण्याचा धंदा चेहऱ्यांचा.
आजोबांनी चढवले, वडलांनी उतरवले,
मी परत चढवते.
मजुरी तिन्ही वेळा रोख.

आजोबांच्या, म्हणजे इंद्रिकिसच्या, काळात
खिडकीचं नुसतं खिडकी असून भागत नसे.
तिच्या कपाळावर एक बाई हवी, मोकळ्या केसांची,
केसांतून कमळाचे देठ, देठांतून साप,
आणि बाईचं तोंड असं उघडं
जणू समोरच्या घराला आग लागलीये.
दारावर घुबड. जिन्याशी मोर.
सरळ रेघ दिसली की मालकाला वाटे
गवंड्यानं पैसे खाल्ले.

एवढ्या बायका आजोबा आणणार कुठून?
गुरुवारी धुणं न्यायला त्रीने यायची.
तिला स्टुलावर बसवून ते म्हणायचे, ओरड.
पहाटे तीनपासून नदीवर राबलेली त्रीने
ओरडायची नाही, जांभई द्यायची.
त्या गल्लीतल्या सहा घरांवर
सहा देवता
तशाच जांभया देत राहिल्या.

मग चौकोनांचे दिवस आले.
कचेरीतून चिठ्ठी: दर्शनी भाग साफ करावा,
नक्षी ही बसून खाणाऱ्यांची चरबी आहे.
वडील परांचीवर चढले,
हातात आजोबांचीच छिन्नी.
आधी नाक जायचं. नेहमी आधी नाक,
ते पुढे असतं ना.
मग ओठ, केस, साप,
आणि शेवटी राखाडी गिलाव्याचा एक हात.
खरं सांगते, डिसेंबरातल्या दुपारी तीनच्या उजेडात
ती कोरी भिंत
सुंदर दिसायची.
वडीलच म्हणायचे तसं, अगदी हळू,
चोरी कबूल केल्यासारखं.

नाकं मात्र ते खिशातून घरी आणत,
माशांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत.
एकेचाळीस नाकं.
मागे पेन्सिलीनं गल्ली, घर, मजला.
काहींवर नुसती तारीख.
एकावर फक्त एवढंच: वारा होता.

आता मिकेलिस येतो,
तिशीतला आर्किटेक्ट, बूट फार स्वच्छ.
फोनमधला जुना फोटो दाखवून म्हणतो,
अगदी मूळचं हवं.
फक्त तोंड जरा मिटलेलं चालेल का?
भाडेकरूंना सकाळी सकाळी बरं नाही वाटत.
आणि पलीकडच्या राखाडी भिंतीकडे बघून
नाक मुरडतो.

मला हसू येतं.
आजोबांनी असंच मुरडलं होतं
त्यांच्या गुरूच्या ग्रीक खांबांकडे बघून;
वडलांनी मोराकडे;
आणि मी, बारा वर्षांची, शाळेत
बापाचा धंदा विचारला तेव्हा.

साचा आता सिलिकॉनचा. नाक सुबक येतं,
इतकं सुबक की बाई कुणीच वाटत नाही.
त्रीनेचं जरासं डावीकडे झुकलेलं.
मी डबा ओतते टेबलावर,
एकेक लावून बघते, जशी चपलांच्या ढिगात
आपली शोधावी.
ज्याच्यावर या घराचा पत्ता आहे ते बसत नाही.
बसतं ते वाऱ्याचं.

पुट्टी भरली तरी केसाएवढी भेग उरते,
डोळ्याखालून गालापर्यंत.
मिकेलिस शिडीवरून विचारतो, ही मूळची?
मी म्हणते, हो.
थोडं थांबून म्हणते, वडलांच्या हातची.
त्याला कळत नाही. तो लिहून घेतो.

तोंड मी मिटलेलं नाही.

सोमवारी परांची उतरली.
ट्रामच्या थांब्यावर एक मुलगा,
पाठीवर दप्तर, हातात अर्धा पाव,
सहज वर बघतो,
बघत राहतो,
आणि त्याचं तोंड हळूहळू
उघडतं,
डोळ्यांत पाणी येईपर्यंत.