उलटा पंख

अंबडच्या शेडमधली फरशी सरळ नाही.
नाल्याच्या अंगाला अर्धा अंश उतरते,
सांडलेलं ऑइल दरवेळी तिकडंच जातं.
म्हणून पुंजाजी बोरस्ते आधी जमीन मोजतात,
कोनमापक फरशीवर, चष्मा कपाळावर.
"तुझं शून्य कुठंय ते बघ,
मग पंखाचं बोलू."

ओझरला चौतीस वर्षं
विमानांच्या पंखांना रिव्हेट मारले त्यांनी.
चांगला बसलेला रिव्हेट कानाला कळतो म्हणतात.
उजवा कान त्यातच गेला.
विमान वर जायचं, आणि हे खाली
डबा उघडा टाकून बघत उभे.
आता शलाका गांगुर्डेच्या पिवळ्या गाडीमागं
तोच पंख, पालथा.
पहिल्या दिवशी हसले होते:
"जन्मभर उचलायचं काम केलं,
आता दाबायचं शिकवता?"

पंख कोइमतूरहून आलेला, वापरलेला, एका कोपऱ्याला टवका.
टोकाच्या पट्ट्यांना पाच-पाच भोकं:
चार, सहा, आठ, दहा, बारा.
शलाकाला बारा हवेत.
मागच्या खेपेला डाव्या वळणावर गाडीचं मागचं अंग सुटलं,
गाडी दोनदा स्वतःभोवती फिरून गवतात थांबली.
त्यानंतर ती दोन रात्री झोपली नाही.
(हे तिनं नाही सांगितलं, तिच्या भावानं सांगितलं.)
भीतीला नेहमी शेवटचं भोक हवं असतं.

ॲलन की माझ्या हातात. मी म्हणालो, बारा तर बारा.
पुंजाजी काही बोलले नाहीत.
खिशातून लाल लोकर काढली,
नातवाच्या टोपीतून उरलेली,
बोटभर तुकडे तोडून चिकटपट्टीनं
पंखाच्या पोटाला लावत गेले, तीन रांगा.
मला वाटलं, दृष्ट काढताहेत.

रविवारी पहाटे, सिन्नरच्या पुढं,
जिथं कारखाने यायचे होते आणि नुसते रस्ते आले,
दिव्यांचे खांब, गोल चौक, नाव नसलेल्या पाट्या,
आणि मेंढरं, जी सातपर्यंत पलीकडं निघून जातात.
धनगराला आमची वेळ ठाऊक आहे.
थंडी अशी की लोखंड बोटाला चावतं.

शलाका गेली, आली.
"सरळ रस्त्यावर कुणीतरी मागून ओढणी धरल्यासारखं होतंय.
आणि डाव्या वळणाला
परत तेच."

डिकीवर, वर तोंड करून, कॅमेरा चिकटवलेला.
तिघांची डोकी हाताएवढ्या पडद्यावर.
सरळ रस्त्याला लोकर विंचरल्यासारखी.
वळण आलं, मागची रांग थरथरली,
मग मधली,
मग सगळे धागे उलटे फिरले, तोंडं पुढं,
घंटा झाल्यावर वर्गात पोरं फिरतात तसे.
"वारा सोडून गेला," पुंजाजी म्हणाले.
"फार वाकवला की तो राहत नाही.
दाबही गेला, वेगही गेला,
आणि आपण धरून चाललो की बारा आहेत."

आठ.
आधी रस्त्याचं शून्य, कारण रस्ताही सरळ नव्हता.
डावा बोल्ट सुटला, उजवा अडला,
शेवटी मी त्याला फुंकर मारली,
का ते माहीत नाही.

गाडी आमच्यासमोरून गेली.
आवाज आधी, मग पिवळा रंग, मग धूळ.
वळणावर बसली ती, रस्त्यावर हात टेकून बसल्यासारखी,
आणि सरळ बाहेर पडली.
मी पुंजाजींकडं पाहिलं.
त्यांची मान, सवयीनं,
वर गेली होती.
वर फक्त आभाळ होतं, आणि एक घार,
तिचा कोन कुणी न ठरवलेला.
खाली बघायला त्यांना थोडा वेळ लागला.

शलाकानं काच खाली केली.
चेहऱ्यावर झोप झालेल्या माणसाचं हसू.
"मस्त. पण मधे एक भोक पाडता येईल का?
नऊचं?"

पुंजाजींनी उजव्या कानामागं हात धरला,
काय म्हणालीस, अशी खूण केली,
आणि लोकरीचे तुकडे एकेक करून
खिशात टाकायला लागले.