जांभळा ओघळ

लग्नाच्या बस्त्याला बसावं तसे आम्ही दोघं
तौफीक मुजावरच्या शेडमध्ये, शिरोली नाक्याच्या अलीकडे.
गादी नाही, प्लास्टिकच्या खुर्च्या.
साड्या नाहीत. एक डबी, एक बाटली,
आणि फिल्मचा गुंडाळा, तान्ह्या पोरासारखा आडवा धरलेला.

"वॅक्स लावलं तर तीन महिने, काका.
सिरॅमिक दोन-तीन वर्षं, पण बोअरचं पाणी वाळू दिलं
की डाग धरतंय.
फिल्म म्हणजे कातडीवर कातडी.
खडा उडाला तर तिच्यावर निभावतंय."
आकडा मात्र तो तोंडानं बोलत नाही,
कॅल्क्युलेटर आमच्याकडं फिरवतो.

गाडी सात वर्षांची, आमच्याकडं सात दिवसांची.
रंग पांढरा, म्हणजे आरसी बुकात पांढरा.
बोनेटवर हात फिरवला तर
वापरून झालेल्या पॉलिश पेपरसारखा लागतो.

"आधी हे काढू," म्हणाला, आणि कसलंसं औषध फवारलं.
नासक्या अंड्याचा वास.
शालननं नाकाला पदर लावला,
"हे पैसे देऊन घ्यायचं?"

आणि मग दारांवरून, बोनेटवरून
जांभळे ओघळ उतरायला लागले.
कुणी मुका मार दिल्यासारखी गाडी,
उभी, गप्प.
"लोखंड निघतंय, काका. फौंड्रीचा धुरळा.
रंगात रुततो आणि तिथंच गंजत बसतो.
इकडची एक गाडी सुटलेली नाही."

मी खुर्ची जरा मागं घेतली.

एकतीस वर्षं फेटलिंगला होतो मी.
कास्टिंगच्या कडा ग्राइंडरला लावायच्या,
ठिणग्या उडाल्या की नवी पोरं म्हणायची, दिवाळी.
ठिणगी विझली म्हणजे जाते कुठं
हे विचारायला कार्डावर वेळ नव्हता.
शालन माझे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची.
पांढरा शर्ट लग्नातला, तेवढाच.
आणि इकडं मी कुणाच्या भिंतीवर, कुणाच्या पेरूच्या पानांवर,
कुणाच्या हप्त्यातल्या गाडीवर
बारीक होऊन बसत होतो.
मनात आलं, ह्या पोरानं ती बाटली माझ्याकडं वळवली तर?
बनियनवर काय उमटेल?

शालनचे प्रश्न वेगळे.
"उसाची ट्रॉली घासून गेली तर?"
"ट्रॉलीपुढं काय टिकतंय, काकू."
"कारखान्याची राख?"
"पाण्यानं जाते. कोरडं फडकं मारलं की चरे आलेच."
"आणि दारात पत्र्याची शेड घातली तर?"

तौफीक थांबला. मायक्रोफायबरची घडी मोडली, परत घातली.
"तेच सगळ्यात भारी, काकू.
पण ते मी विकत नाही."

डाव्या हँडलच्या खोबणीत नखांचे चरे होते,
बारीक, एकावर एक. आधीच्या घरातलं कुणीतरी
सात वर्षं घाईत दार उघडत आलेलं.
मी म्हटलं, असू देत, कुणाचे तरी आहेत.
शालन म्हणाली, "काढ रे ते.
आपले आपण पाडू."

शेवटी वॅक्स. डबी आम्हीच घेतली.
तीन महिन्यांनी परत लावायचं, म्हणजे हाताला काम.
आणि पत्र्यासाठी उद्यमनगरातल्या महिपतीला फोन,
तो उधारीवर देतो, आणि वर सल्लाही.

तौफीकनं पाइप सोडला.
जांभळं पाणी फरशीवरून आमच्याकडं यायला लागलं.
शालननं पाय वर घेतले.
मी चपला काढून हातात धरल्या,
नव्या होत्या, तेल अजून मुरायचं होतं,
आणि अनवाणीच उभा राहिलो,
पाणी पायावरून जाईपर्यंत.