सात भोकांचा पट्टा

बोरा वारा सुटला की ट्रिएस्टेत
लोक खांब धरून चालतात,
टोप्या समुद्राकडे निघतात,
आणि माझ्या दुकानाचं दार आपणहून उघडतं.
निवेस आधी पर्स आत टेकवते,
मग स्वतः आत येते.

तपकिरी पर्स. पोस्टातल्या पहिल्या पगाराची.
लिरा गेला, युरो आला,
काउंटरवरच्या मुली आल्या, लग्नं करून गेल्या,
पर्स तीच.
डावा कोपरा झिजलेला, कारण ती तिकडेच टेकते.
अस्तरावर लिपस्टिकचा एक डाग आहे, जुना.
त्याबद्दल मी कधी विचारलेलं नाही.

वसंतात म्हणते, "द्रागो, हिला जरा हलकं कर."
मी काळं बक्कल काढतो, पितळी लावतो,
साय चोळावी तसं मेण चोळतो.
मुठीला ती हिरव्या ठिपक्यांचा रुमाल बांधते.
रुमालावर शाई सांडलेली.
गाठ बरोबर शाईवर.
तिचं सगळं शास्त्र एवढंच:
डाग तिथे गाठ,
कसरीनं खाल्लं तिथे ब्रोच.

उन्हाळ्यात गवती हॅट.
दरवर्षी नवी फीत, तीही मिठाईच्या खोक्यावरची.
बार्कोलाच्या किनाऱ्यावर बायका विचारतात,
"नवी का गं?"
"परवाच घेतली," ती म्हणते,
पापणीही न लवता.

पानगळीला हातमोज्याचं एक बटण हरवलं.
तसं बटण आता कुठे मिळणार?
तिनं उरलेली तीनही काढली,
चार लावली, चारही वेगळी.
आता चूक दिसत नाही,
आवड दिसते.
चाळीस वर्षं आरी चालवतोय मी,
मला हे सुचलं नसतं.

या जानेवारीत मात्र पर्सबरोबर
तिनं टेबलावर एक पट्टा ठेवला.
काळा, पुरुषाचा. लिव्हिओचा.
"पर्सचा बंद तुटायला आलाय. याचा कर."
मी पट्टा उलगडला.
पाच भोकं यंत्राची, एका रेषेत.
पुढे आत आणखी दोन,
खिळ्यानं पाडलेली, वाकडी.
"गेल्या वर्षीची," ती म्हणाली.
"न्हाणीघरात दार लावून पाडायचा.
मला वाटायचं, कपाट दुरुस्त करतोय."

बाहेर कुणाची तरी छत्री उलटी होऊन
रस्त्यानं गडगडत गेली.
आम्ही दोघांनी ती पाहिली.

मी आपलं कामाचं बोललो:
"ही दोन कापून टाकतो. चामडं तिथे कमजोर झालंय.
शिवाय रंगही जुळत नाही."
"रंग तू जुळव," ती म्हणाली.
"भोकं राहू देत. उपयोगी आहेत.
जाड कोट असला की बाहेरचं भोक,
उन्हाळ्यात झग्यावर बंद आखूड लागतो,
तेव्हा ही दोन."

मग मी तीन दिवस रंग दिला,
काळ्यावर तपकिरी सहज चढत नाही.
एका टोकाला वीतभर जोड दिला,
वाकड्या भोकांच्या मागे पातळ चामड्याचं ठिगळ,
आतून, बाहेरून दिसू नये असं.
टाका इतका बारीक मी
स्वतःच्या आईच्या बुटांनाही घातला नव्हता.
बारा युरो म्हणालो. तिनं दहा दिले.
बंद छातीवरून आडवा घेऊन
ती वाऱ्यात शिरली, एका हातानं हॅट धरून,
दुसरा हात मोकळा.

जूनमध्ये आली, सँडलची पट्टी निसटली म्हणून.
निळा झगा, बाह्या कापून आखूड केलेला.
मी पाहायचं नाही ठरवलं होतं, पाहिलं.
बक्कल सातव्या भोकात होतं,
सगळ्यात आतल्या.

मी काही बोललो नाही. सँडल हातात घेतली.
ती माझ्याकडे बघत राहिली,
मग म्हणाली,
"द्रागो, चांभार ना तू?
मग तुझ्या ॲप्रनला सुतळी कशाला?"