कोमट

पत्रकात लिहिलंय: थंड वस्तूंना हात लावू नये.
आणि हा ग्वाल्हेरचा जानेवारी,
इथे नळाची तोटीसुद्धा चावते.

ऑक्सॅलिप्लॅटिन. आत प्लॅटिनम असतं म्हणे.
"लग्नात नुसती जोडवी घातलीत, आता बघा,"
मी म्हटलं. हे हसले नाहीत,
बिलाची घडी घालत राहिले.

आतडं कापून झालंय. हे औषध
मागे उरलेल्या एखाद्या पेशीसाठी,
असलीच तर.

भदौरिया सिस्टर म्हणाली, "आंटी, पाँच दिन फ्रिज मत छूना.
बुखार सौ के ऊपर गया, तो आधी रात को भी फोन."
तिसऱ्या दिवशी विसरले. कोथिंबीर काढायला गेले
आणि बोटांत मुंग्या कसल्या,
टाचण्यांची अख्खी डबी सांडली.

पाणी कोमट. ताकही कोमट,
म्हणजे ताक नव्हेच ते.
ब्लाउजचे हूक हे लावतात,
खालून वर, एक चुकवून.

सोमवारी डॉक्टर विचारतील:
मुंग्या मधल्या दिवसांत जातात, की राहतात?
राहिल्या तर डोस कमी.
म्हणून वही ठेवलीय.
आज सुई ओवता आली.
चौथ्या खेपेला.

चौथ्या खेपेला, हे लिहू का?