तेरावं पान

देवगडला स्टँडमागच्या झेरॉक्समध्ये
तुझी यादी छापून घेतली, ताई. सोळा पानं.
दुकानदार म्हणाला, मतदारयादी काय?

पंचेचाळीस निबंध, प्रत्येकापुढे आकडा:
किती जणांनी तुझा दाखला दिला.
चेहरे ओळखणारा मेंदूचा कोपरा, सहाशे बारा.
गर्दीत माणूस गप्प का राहतो, दोनशे नऊ.
बढती म्हणे यावरच.

तेराव्या पानावर एक शून्य.
लिलावातली उधारी आणि स्मरण, आनंदवाडी बंदर.
सहभागी क्रमांक सतरा, वय एकाहत्तर,
अक्षरओळख नाही,
चौतीस जणींची बाकी तोंडपाठ.
म्हणजे आपली सुलूकाकी.
तू तिच्या डोक्याला तारा चिकटवत होतीस
आणि ती म्हणत होती,
"गो बाये, बांगडे मोजूक ईज कित्याक?"

ती गेली त्याला आता तीन पावसाळे.

परवा जेटीवर जुंपली.
सुरमईचे साडेतीनशे, दिले की नाही दिले.
तारकरांची नवी सून, जिनं काकीला पाहिलंही नाही,
मध्ये पडून म्हणाली,
"काकी सांगी, आकडो इसारता.
देणाऱ्याचो हात ओलो होतो काय सुको, ता आठव."
दोघी गप्प. मग एकीनं कनवटीची नोट काढली.

तुझ्या निबंधात हेच आहे, पान सात,
मेंदूच्या तीन रंगीत चित्रांखाली.
शून्याशेजारी पेनानं एक लिहावासा वाटला.
नाही लिहिला. तुमच्यात चालत नसेल.

कुरियरवाल्यानं वजन केलं, ऐंशी ग्रॅम.
आत काय, किंमत किती, लिही म्हणाला.
मी लिहिलं, कागद.
किमतीची जागा
बर्फाचा ट्रक आला म्हणून राहिली.