जडवस्तू नोंदवही

सातपूरच्या आयटीआयत मी भांडारपाल, एकतीस वर्षं.
शिकवलं कुणालाच नाही.
दिलं, आणि परत घेतलं, सही घेऊन:
कानस बारा इंची, एक.
हॅकसॉचं पान, मोडलेलं. तेही परत,
कारण मोडलेलंसुद्धा सरकारचंच असतं.

संस्थेचा इतिहास विचारला कुणी
तर ऑफिसातून स्मरणिका देतात,
गुळगुळीत, फीत कापणाऱ्या हातांची.
मी म्हणतो, असू द्या ती. ही वही बघा.

पान एक. शाई चहासारखी झालेली.
'लाकडी खोकी, नग चौदा.'
इमारतीच्या आधी यंत्रं आली होती,
पत्र्याच्या शेडमध्ये,
त्र्यंबक रोडला संध्याकाळी कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं तेव्हा.
यंत्रं बाहेर निघाली, खोकी उरली,
पहिली तुकडी त्यांच्यावरच बसली.
माझ्या आधीच्या आधीचे बोडके, फार काटेकोर माणूस:
पोरं बसतात म्हणजे फर्निचर,
म्हणून चढवली खोकी जडवस्तूंत.
आणि सरकारी वहीत एकदा चढलेलं
जळून गेलं तरी उतरत नाही.

पान चार. 'लेथ, नग सहा.'
क्रमांक तीन म्हणजे रऊफ मणियार सरांचा.
पोरांशी मराठीत बोलायचे, लेथशी हिंदीत.
"ऐक," म्हणायचे, "हत्यार रडतंय. धार गेलीय त्याची."
पोरं पेठची, हरसूलची, सुरगाण्याची,
नागलीच्या भाकरीवर आठवडा काढणारी.
व्हर्नियरच्या दोन रेघा जुळतात ती जागा
डोळा बारीक करून शोधायची,
रानात मोहोळ शोधावं तशी.

पान एकोणीस.
'पडदा, कापडी, निळा, नग एक.'
इथं ऑडिटवाले दरवर्षी हसतात.
त्या साली शांता गावित आली, टर्नरला पहिली मुलगी,
डांगरी बदलायला जागा नव्हती तिला.
भांडाराच्या कोपऱ्यात पडदा लावायचं ठरलं.
मंजुरी आली सात महिन्यांनी.
तोवर ती घरूनच डांगरी चढवून यायची
आणि बसमध्ये उभ्या माणसांच्या माना
गिअरसारख्या फिरायच्या.

पुढं बरीच पानं नुसती दुरुस्ती, दुरुस्ती,
खराटे नग दहा.
बाहेर शेड वाढत गेल्या अंबडपर्यंत,
मग काही भोंगे वाजायचे थांबले.
त्या दोन वर्षांची एकशे बारा प्रमाणपत्रं
कपाटात तशीच आहेत, न्यायला कुणी आलं नाही.
ती जडवस्तूंत धरायची की नाही
याचं परिपत्रक निघालेलं नाही.

आता सीएनसी आली. काचेच्या आत कापते,
हातांना तेल लागत नाही.
लेथ क्रमांक तीन निर्लेखित.
कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: कालबाह्य.
लिहिताना पेन दोनदा झटकावं लागलं.

लिलावाला शांता गावित आली होती.
अंबडला गाळा आहे तिचा, अकरा माणसं कामाला.
बोली लावली. भंगारवाल्यानं
किलोमागं दीड रुपया जास्त दिला.
ती वाद घालत बसली नाही.
बेडवरून एकदा हात फिरवला, बोटं चोळली,
"ग्रीस फार लावलंय," म्हणाली. "सर ओरडले असते."
आदल्या रात्री मीच लावलं होतं. गप्प राहिलो.

सीएनसीच्या चार पोरांनी पाइपांवर ढकलत
लेथ ट्रकपर्यंत नेला.
खाली फरशीचा एक चौकोन, स्वच्छ,
आणि बोल्टची चार भोकं,
नव्या कुठल्याच यंत्राला न जुळणारी.

गेल्या सोमवारी ऑडिट झालं.
"खोकी?" म्हणाले, "नग चौदा. दाखवा."
नऊंची फडताळं झालीत. तीन वॉचमनच्या केबिनला.
एकाचा फळा, वेल्डिंगच्या वर्गात, अजून वापरात.
"आणि चौदावं?"

मी उठून उभा राहिलो,
बुडाखालचं दाखवलं.
त्यांनी खूण केली, बरोबर.
मी परत बसलो.