पेंडिंग

शुक्रवार. सोहारच्या आमच्या दोन खोल्यांत
सात माणसं, एक सुरमई आणि तोच वाद.

मुनाफ परकार, दापोलीचा, क्रेन चालवतो.
माल उचलावा तसा मुद्दा उचलतो, वर नेऊन थांबवतो:
"पैसे मोजा, डॉक्टर उठून उभा राहतो.
सरकारी दवाखान्यात आपण उभे राहतो."
सगळे हसतात. माझा नवराही.

सिस्टर ब्रिजिता, वसईची,
सरकारी इस्पितळात एकोणीस वर्षं, बहुतेक रात्रपाळ्या.
जिभेनं काटा बाजूला काढत म्हणते,
"आमच्याकडे ज्याला जास्त धाप, त्याला आधी खाट.
तुमच्याकडे कुणाला?"
'तुमच्याकडे' म्हणताना ती माझ्याकडे बघते.

मी खासगी हॉस्पिटलात, तळमजल्यावर, काचेमागे,
मंजुरीच्या टेबलाशी.
डॉक्टर लिहितात, मी कोड टाकते,
कोड कुठल्याशा शहरातल्या कुठल्याशा माणसाकडे जातो
आणि पडद्यावर पिवळं उमटतं: पेंडिंग.
पेंडिंग म्हणजे नाही नव्हे.
पेंडिंग म्हणजे बाकावर बसा, पाणी तिकडे आहे.

"आणि कार्ड संपलेला कुणी आला तर?" नवरा ब्रिजिताला विचारतो.
"मरायला टेकला असेल तर घेतो."
"नसेल टेकला तर?"
ती भात वाढून घेते.

मला दोन्हीकडचं ठाऊक आहे.
बाबांना कोल्हापूरला नेलं, चकचकीत लिफ्ट, फळांची टोपली,
माझे दोन वर्षांचे रियाल तिथल्या काउंटरवर
एका दुपारी रुपये झाले.
बाबा परत आले ते ॲम्ब्युलन्सच्या मागच्या दारातून,
चादर तोंडावर.
आईला कुडाळहून बांबोळीला नेलं.
अकरा रात्री भाऊ कॉरिडॉरमध्ये वर्तमानपत्रावर झोपला,
नर्स खेकसायची, पंखा नुसता आवाज करायचा.
आई चालत घरी आली.
यातून काय सिद्ध होतं?
मी कितीदा मांडून पाहिलं. दोन माणसं, दोन आजार,
उत्तर लिहायला जागाच नाही.

हे मी जेवताना बोलत नाही.
परवाचंही बोलत नाही.

परवा दिलबहादूर नावाचा एक आला होता,
परांच्या बांधणारा, हेल्मेटचा पट्टा हनुवटीवर उमटलेला.
तीन दिवसांपूर्वी पडलो, म्हणाला, डोकं अजून दुखतंय.
डॉक्टरनी स्कॅन लिहिला.
पलीकडून आलं: तीन दिवस थांबला, म्हणजे तातडीचं नाही,
मंजुरीसाठी थांबावं.
मी त्याला किंमत सांगितली.
तो कागद चारदा घडी घालून खिशात ठेवताना म्हणाला,
"ह्या कागदाचे तर नाही ना पैसे?"

मी खुर्चीत नीट बसले.
अर्ज पुन्हा उघडला.
'दिवस' खोडलं, 'तास' लिहिलं.
तीन तास.
तातडीच्या चौकटीत खूण केली,
आणि हिरवं आलं, सहा मिनिटांत.

स्कॅन साफ निघाला. काहीसुद्धा नव्हतं.
दोन गोळ्या, आणि माणूस बसनं साइटवर.
म्हणजे पलीकडचा तो कुठलासा माणूस
बरोबरच होता.
काल त्याचं पत्र आलंय, नम्र आहे:
वेळेबाबत खुलासा करावा.

"तू बोल की," मुनाफ म्हणतो, "तू तर आतली."
ब्रिजिताही हात थांबवून बघते.
तिला काहीतरी कळलंय असं वाटतं;
एकोणीस वर्षांत तिनंही कधी
कुणाची धाप जरा जास्त लिहिली असेल.
विचारायला पाहिजे. विचारत नाही.

"सोलकढी घ्या अजून," मी म्हणते.

वाद पुढे जातो, जर्मनीला, क्युबाला,
मुनाफच्या कुणा मेव्हण्याच्या गुडघ्याला.
मी काटे एका ताटलीत गोळा करते.
रविवारी सकाळी आठला खिडकी उघडेल,
आणि मला लिहून द्यायचंय
तास की दिवस.